विजेच्या मोटारीचें ओझें

विजेवर चालणारी मोटार ही कालपरवांची नवलाई होय, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा ज्या मोटारीनें प्रथम ओलांडली, ती विजेचीच होती. बेल्जियमच्या कामीय जेनात्झीनें १८९९ च्या एप्रिलांत पॅरिसजवळ हा पराक्रम केला. आपल्या गाडीला त्यानें 'कधींच संतुष्ट न होणारी' अशा अर्थाचें फ्रेंच नांव दिलें होतें, आणि तिचें तोफगोळ्यासारखें कवच ॲल्युमिनियमच्या एका मिश्रधातूचें होतें. शिशाच्या बॅटऱ्यांचें ओझें जिच्या पोटांत, तिनें अंगावर तरी हलकें वस्त्र ल्यावें, हें त्या काळींहि उमगलें होतें.

हें ओझें मोठें चमत्कारिक आहे. पेट्रोल जळतें तसतशी गाडी हलकी होते. बॅटरी मात्र भरलेली असो वा रिकामी, तिचें वजन तेवढेंच. जनरल मोटर्सनें १९९६ सालीं काढलेली 'ई. व्ही. वन' गाडी सुमारें १४०० किलोंची होती. त्यांपैकीं ५०० हून अधिक किलो केवळ बॅटरीचे! म्हणून तिचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि बाहेरचें आवरण संमिश्र प्लॅस्टिकचें केलें.

संमिश्र द्रव्य ही कल्पना आपणांस परकी नाहीं. मातींत भुसा कालवून भिंत लिंपणारा तेंच करतो: माती आकार देते, भुसा तिला तडकूं देत नाहीं. कार्बनतंतूंच्या संमिश्रांत मातीच्या जागीं कृत्रिम राळ आणि भुशाच्या जागीं केसाहून कितीतरी बारीक तंतू असतात. मॅक्लारेन कंपनीनें १९८१ सालीं शर्यतीच्या गाडीचा सांगाडा या द्रव्याचा केला. परंतु शर्यतीची गाडी म्हणजे राजाचा हत्ती, तिच्या वैरणीचा हिशेब कोण विचारतो?

तो हिशेब बी. एम्. डब्ल्यू. कंपनीनें मांडला. २०१३ सालीं निघालेल्या तिच्या 'आय् ३' गाडींत उतारूंची सबंध कोठडीच कार्बनतंतूंची होती. कच्चा धागा जपानांत तयार होई. अमेरिकेंत वॉशिंग्टन राज्यांतील मोझेस लेक येथें, जलविद्युतेच्या बळावर, तो भट्टींत भाजला जाऊन त्याचा कार्बन होई. जर्मनींत वाकर्सडॉर्फला त्याचें कापड बने. आणि राळ भरून कठीण केलेले भाग लाइप्‌झिगच्या कारखान्यांत चिकट द्रव्यानें सांधले जात. कोठडीच्या सांध्यांवर वेल्डिंगची ठिणगी उडतच नसे. सबंध गाडी १२०० किलोंच्या आंत बसली, आणि तींत बॅटरी सुमारें २३० किलोंची!

पण, श्रोतेहो, हिशेबाची दुसरी बाजू हलली. बॅटऱ्यांची किंमत वर्षानुवर्षें उतरत गेली, आणि २०१८ पर्यंत याच गाडीच्या तेवढ्याच पेटींत जवळजवळ दुप्पट वीज मावूं लागली. कार्बनतंतू मात्र महागच राहिले. सांगाड्यांतील एक किलो वांचविण्यापेक्षां आणखी कांहीं विद्युत्‌घट भरणें स्वस्त पडूं लागलें. सुमारें अडीच लाख गाड्या झाल्यावर २०२२ सालीं 'आय् ३' बंद झाली.

कार्बन हरला, असें कोणी म्हणतात. मला तें पटत नाहीं. ज्या टंचाईसाठीं त्याला पाचारण केलें, ती टंचाईच ओसरली. त्याच्यांतहि दोष होते, हें खरें: पोलाद वितळवून पुन्हा पोलाद करतां येतें, कठीण झालेली ही राळ वितळत नाहीं. पण जड गाडी टायर आणि रस्ता अधिक झिजविते, तो खर्च विक्रीच्या पावतीवर कोठें लिहिलेला असतो?

त्याच कंपनीच्या २०२१ सालीं आलेल्या 'आय् एक्स्' गाडींत कार्बनतंतू आहेत, पण छप्पर आणि दारांभोंवतींच्या चौकटीपुरते. गाडी बरीच मोठी आहे. तिच्या भारी प्रकारांचें वजन अडीच टनांच्या घरांत जातें.