भाकरी, वरण आणि अमिनो आम्ले

आमचे आयुष्य कामगारांत गेले. रसायनशास्त्र आम्ही शिकलो ते रात्री दिव्यापाशी, मागून आणलेल्या पुस्तकांतून. तरीही आज हा विषय घेतला, कारण गेवराईहून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाच्या भाकरीशी त्याची गाठ आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. प्रत्येक अमिनो आम्लाच्या मध्यभागी कर्बाचा एक अणू असतो. त्याला चार हात. एका हाती हायड्रोजन, दुसऱ्या हाती नत्रयुक्त अमिनो गट, तिसऱ्या हाती आम्लगट. चौथ्या हाती काय आहे त्यावरून जात ठरते. प्रथिनांत मुख्यतः अशा वीस जाती आढळतात.

हे ज्ञान सावकाश जमले. १८२० साली फ्रान्समध्ये ब्राकोनो यांनी सरस गंधकाम्लात उकळून गोड स्फटिक मिळविले, तेच ग्लायसिन. १९०२ साली फिशर व हॉफमाइस्टर यांनी, दोघांनी स्वतंत्रपणे, साखळीचा सांधा सांगितला: एकाचा आम्लगट दुसऱ्याच्या अमिनो गटास जोडतो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. पुढे अमेरिकेत रोझ यांनी उंदरांना निवडक अमिनो आम्ले खाऊ घातली. उंदीर वाढेनात. एक घटक कमी होता. १९३५ मध्ये तो सापडला, तो थ्रिओनिन. एका कडीवाचून सारी साखळी अडते, हा त्यातला धडा.

आपल्याकडे या विद्येत कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमलाबाई सोहोनी, यांचे नाव आदराने घ्यावे. त्या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत त्यांना केवळ स्त्री म्हणून रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून प्रवेश मिळाला, आणि तेथे त्यांनी अभ्यास केला तो दुधातील व डाळींतील प्रथिनांचा!

आता आपल्या ताटाकडे पाहू. नऊ अमिनो आम्ले शरीराला स्वतः बनविता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. ज्वारीत त्यांपैकी लायसिन कमी, तुरीत ते पुष्कळ. तुरीत मेथिओनिन कमी, ती उणीव ज्वारी बरीचशी भरून काढते. आमच्या आयांनी भाकरीशेजारी वरण वाढले, ते शास्त्राला धरूनच होते.

फडावर मात्र पुष्कळदा भाकरी आणि मिरची एवढेच असते. पोट भरते, साखळी अडते. मजुरीच्या वाटाघाटीत आम्ही वर्षानुवर्षे भाकरीचा हिशेब मांडला, डाळीचा मांडला नाही. ती आमची चूक. यापुढे मागणीच्या कागदावर दोन्ही हिशेब असले पाहिजेत.