सत्यौषध आणि आरोपीचे मौन

छळाने मिळविलेला कबुलीजबाब विश्वसनीय नसतो, ही गोष्ट न्यायशास्त्राने दीर्घ अनुभवानंतर मान्य केली. परंतु वेदना न देताच माणसाचे मन उघडता आले, तर त्यास आक्षेप कोणता, हा प्रश्न विसाव्या शतकातील औषधिशास्त्राने उपस्थित केला.

या विचाराचा उगम अमेरिकेतील टेक्सास राज्यातील प्रसूतितज्ज्ञ डॉ. रॉबर्ट हाउस यांच्या निरीक्षणात आहे. प्रसूतिवेदना शमविण्यासाठी दिलेल्या स्कोपोलामिनच्या गुंगीतही स्त्री प्रश्नाचे अचूक उत्तर देते, असे त्यांना १९१६ मध्ये आढळले. १९२२ मध्ये त्यांनी डलासच्या तुरुंगातील दोन बंद्यांवर हा प्रयोग केला. निरपराध्यांची सुटका व्हावी, हा त्यांचा हेतू होता. साधन मात्र पुढे कबुली मिळविण्याकडे वळले. १९६३ मध्ये टाउनसेंड विरुद्ध सेन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, औषधाच्या प्रभावाने वदवून घेतलेला कबुलीजबाब स्वेच्छेचा नसल्याने अग्राह्य ठरतो, असे सांगितले.

भारतात हा वाद संविधानाच्या अनुच्छेद २०(३) भोवती फिरला. या तरतुदीनुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या १९६१ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठाने बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने या संरक्षणाबाहेर ठेवले; कारण ते आरोपीला ज्ञात असलेले काहीच सांगत नाहीत. पुढे बनावट मुद्रांकांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये नार्को-चाचणीस अनुमती दिली. चाचणीतील कथन पुरावा म्हणून मांडले जाईपर्यंत संरक्षणाचा प्रश्न उद्भवत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या युक्तिवादातील उणीव उघड आहे. शिरेत सोडियम पेंटोथॉल सोडणे ही शारीरिक क्रिया खरी. पण तिचे फळ रक्ताचा नमुना नसून शब्द असतात. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच ओळखले. सक्तीची नार्को-चाचणी अनुच्छेद २०(३) व २१ यांचा भंग करते, असा निर्णय त्याने दिला. संमतीने झालेल्या चाचणीचे निष्कर्षदेखील स्वतंत्र पुरावा ठरत नाहीत. त्यांच्या साहाय्याने पुढे सापडलेली वस्तू वा माहिती मात्र कायद्यानुसार ग्राह्य होऊ शकते. संमतीही वकिलाच्या साहाय्याने व दंडाधिकाऱ्यासमोर नोंदविलेली असावी लागते.

गुंगीतील मनुष्य सत्यच बोलतो, ही समजूतही निराधार आहे. तो खोटे बोलू शकतो, कल्पनेस सत्य मानतो आणि प्रश्नकर्त्याच्या सूचनेनुसार वाहवतो. तथापि आक्षेपाचा पाया केवळ एवढाच मानणे धोक्याचे आहे. उद्या निर्दोष औषध निघाले, तर तो पाया ढासळेल. खरा आक्षेप निराळा आहे. बोलावे की मौन पाळावे, हा निर्णय घेणारी इच्छाशक्तीच औषध निष्प्रभ करते. शिवाय रुग्णाच्या हितासाठी सुई धरणारा वैद्य येथे तपासाचे हत्यार बनतो.

२०२५ मध्ये अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयास हेच तत्त्व पुन्हा सांगावे लागले. आरोपीचे मौन हे तपासातील विघ्न नव्हे, तर राज्यसत्तेची मर्यादा होय, हा धडा प्रत्येक पिढीला नव्याने गिरवावा लागतो.