६ मे : रँग्लर परांजपे स्मृतिदिन

गणितज्ञ रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे ६ मे १९६६ रोजी निधन झाले. कोकणातल्या मुर्डीचा हा मुलगा १८९९ मध्ये केंब्रिजचा सीनिअर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला, झाला; तो मान मिळवणारा पहिला भारतीय. पुढे फर्ग्युसनचे प्राचार्यपद, मुंबई प्रांताचे मंत्रिपद, लखनौचे कुलगुरुपद. हे सारे पाठ्यपुस्तकात सापडते. त्यांच्यातला बाप आणि आजोबा मात्र तिथे भेटत नाही.

मुलगी शकुंतला हिलाही त्यांनी केंब्रिजला गणित शिकायला धाडले. तिने रशियन चित्रकाराशी लग्न केले, ते फार टिकले नाही. तेव्हा तिच्यासाठी आणि तान्ह्या सईसाठी माहेरचे दार सताड उघडे होते. १९३८च्या सुमारास हे सोपे नव्हते! नातीने आडनावही परांजपेच लावले. १९४४ मध्ये उच्चायुक्त म्हणून ऑस्ट्रेलियाला जाताना लेक-नात बरोबरच. आठव्या वर्षी सईचे ‘मुलांचा मेवा’ हे पुस्तक छापून आले. पुढे ‘स्पर्श’, ‘चष्मेबद्दूर’ हे चित्रपट काढणाऱ्या सई परांजपे त्या याच. लेक शकुंतलाबाईंनी संततिनियमनाच्या प्रचाराला वाहून घेतले. त्या राज्यसभेवरही गेल्या.