लेखकाची ‘तार’

ही तार म्हणजेच लेखकाचा शिखरावरचा रेडिओ अँटेना. २००२ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘समिट्स ऑन द एअर’ या उपक्रमात हौशी रेडिओचालकाला सारे सामान स्वतः वाहून शिखरावर न्यावे लागते. गुण मिळायला किमान चार संपर्क हवेत. ८० मीटर बँडवर (सुमारे ३.५ मेगाहर्ट्झ) अर्ध्या तरंगलांबीची तार जवळपास ४० मीटर भरते. तेवढी ताणायला माथ्यावर बहुधा झाड नसते. म्हणून सहा-सात मीटरची, दुर्बिणीसारखी मिटणारी काठी उभी करून तारेचा मध्य तिच्या टोकाला बांधतात आणि दोन्ही बाजू उतरत्या खाली आणतात. मध्ये वेटोळे घातले तर तार आखूड होते, पण काही ऊर्जा त्यातच उष्णता होऊन जाते; जागा असेल तर पूर्ण तारच बरी. जमिनीपासून इतक्या कमी उंचीवरून लहरी मुख्यतः सरळ वर जातात, आयनांबरावरून परततात आणि भोवतीच्या काहीशे किलोमीटरांत, अगदी दऱ्यांतही, ऐकू येतात. शिखराची खरी देणगी इथे उंचीपेक्षा शांतता: घरगुती विद्युत उपकरणांची खरखर तिथे पोचत नाही, आणि क्षीण संकेतही कानी पडतो. — संपादक