मालमोटार आणि मागे उरलेले घर

मालमोटारीची धडक बसून घरचा कर्ता माणूस गेला, तर मागे उरलेल्या बायकामुलांनी कोणाकडे पाहावे? दैवाला बोल लावून गप्प बसावे, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. पण वाचकहो, कायद्याचे उत्तरही एके काळी याहून फार निराळे नव्हते. ते कसकसे बदलत गेले आणि अजून कोठे अडते, हे खेड्यातल्या माणसाने आणि विशेषतः शिक्षकांनी जाणून घेण्यासारखे आहे.

आपल्या या कायद्याचे मूळ इंग्लंडात आहे. तेथे १८०८ साली एक खटला झाला. घोड्यांची प्रवासी गाडी उलटली. तीत बसलेल्या एका गृहस्थाची बायको जखमी झाली आणि सुमारे महिन्याने वारली. न्यायाधीशांनी काय ठरवले? बायको जिवंत होती तेवढ्या दिवसांपुरती भरपाई मागता येईल. माणसाच्या मरणाबद्दल दिवाणी दावा चालत नाही. म्हणजे पाहा, माणसाचा पाय मोडला तर गाडीवाल्याने पैसे द्यायचे आणि माणूस मेला तर तो मोकळा! पुढे आगगाड्या आल्या, अपघात वाढले, तेव्हा १८४६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने हा अन्याय दूर केला. त्याच धर्तीवर १८५५ साली हिंदुस्थानातही कायदा झाला. बायको, नवरा, आईबाप आणि मुले यांना मयताबद्दल भरपाई मागण्याचा हक्क मिळाला.

हक्क मिळाला खरा, पण तो वसूल कसा करायचा? दिवाणी कोर्टात दावा लावायचा, मागणीच्या प्रमाणात स्टॅम्प भरायचा, समोरच्याची हयगय शाबीत करायची आणि वर्षानुवर्षे तारखा करायच्या. ज्याच्या घरची चूल विझली त्याला हे कसे झेपावे? बरे, निकाल लागला तरी मोटारमालकाजवळ द्यायला काही असेल तर ना!

या शेवटच्या अडचणीवर १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तोड काढली. प्रत्येक मोटारीचा तिऱ्हाइतांसाठी, म्हणजे तिच्यामुळे ज्यांना इजा होईल त्यांच्यासाठी, विमा उतरवणे सक्तीचे केले. हा भाग प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून लागू झाला. मात्र मालमोटारीसाठी विमा कंपनीची कायदेशीर जबाबदारी तेव्हा २०,००० रुपयांपर्यंतच होती. १९५६ च्या दुरुस्तीने दुसरी अडचण कमी केली. अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणे नेमण्याची सोय झाली.

तरी मुख्य गाठ सुटली नव्हती. चूक कोणाची, हे शाबीत करायचे ओझे मयताच्या घरावरच होते. मुंबईतल्या एका मालमोटारीच्या अपघातावरून निघालेल्या खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, हयगय सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. आता सांगा, रात्री दोन वाजता आडरस्त्यावर झालेल्या धडकेचा साक्षीदार विधवेने कोठून आणावा? अखेर १९८२ साली कायदा बदलला. चूक कोणाचीही असो, मृत्यूबद्दल १५,००० रुपये द्यावेत असे ठरले. रक्कम लहान होती, पण तत्त्व मोठे होते. ठोकर देऊन पळालेल्या, पत्ता न लागणाऱ्या गाडीबद्दलही थोडी भरपाई त्याच वेळी सुरू झाली.

विमा कंपन्या सुटका शोधत, हेही खरे. गुजरातमधल्या एका खटल्यात ट्रकचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून खाण्याचे जिन्नस आणायला गेला. इकडे क्लीनरने गाडी चालवली आणि एक माणूस दगावला. क्लीनरजवळ लायसन नव्हते, सबब आम्ही देणे लागत नाही, असे कंपनीचे म्हणणे. मालकाने लायसनवाला ड्रायव्हर ठेवला होता, त्याने शर्त मोडलेली नाही, असे म्हणून १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले.

त्यानंतर १९८८ चा नवा कायदा आला. मृत्यू आणि इजेच्या भरपाईसाठी विम्याची वरची मर्यादा त्याने काढून टाकली. १९९४ च्या दुरुस्तीने आणखी एक मोठी सोय केली. अपघात परमुलखात झाला तरी दावा आपण राहतो तेथील न्यायाधिकरणात लावता येतो. ऊसतोडीला किंवा मजुरीला दूर गेलेल्या कुटुंबाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

भरपाई मोजण्याची रीतही २००९ आणि २०१७ च्या निकालांनी बांधून दिली आहे. समजा, चौतीस वर्षांचा मजूर महिना १०,००० रुपये मिळवत होता. मागे बायको, दोन मुले आणि आई. पुढच्या वाढीबद्दल ४० टक्के धरून मिळकत १४,००० होते. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १०,५०० उरतात. वर्षाचे १,२६,००० झाले. या वयाला १६ ने गुणायचे, म्हणजे २०,१६,००० रुपये. याखेरीज अंत्यविधी वगैरेच्या रकमा वेगळ्या.

आता चूक न पाहता मिळणारी रक्कम २०१९ च्या दुरुस्तीने मृत्यूसाठी ५ लाख झाली आहे. पण ती स्वीकारली की मोठा दावा संपतो. म्हणून घाईने अंगठा देऊ नये. त्याच दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला असला, तरी आपण सहा महिने हीच वेस समजावी.

आणि एक गोष्ट गावोगाव सांगितली पाहिजे. आपला कांदा घेऊन ट्रकमध्ये बसलेल्या शेतकऱ्याला १९९४ पासून विम्याचे संरक्षण आहे. तो मालाचा धनी म्हणून. पण त्याच ट्रकमध्ये वऱ्हाड भरले, तर त्या माणसांची भरपाई देणे विमा कंपनीवर कायद्याने बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या डिसेंबरात ठरवले. मग उरतो तो मोटारमालक. आणि पुष्कळदा त्याची सारी इस्टेट म्हणजे तो मोडलेला ट्रकच. लग्नसराईत भाड्याचे चार पैसे वाचवताना एवढे ध्यानात असू द्यावे.

शिक्षकांना एक विनंती आहे. गावात असा प्रसंग आला की घरची माणसे सुन्न झालेली असतात आणि कागद वाचणारे आपणच असता. मोटारीचा नंबर, पोलिसांतल्या पहिल्या खबरीची प्रत, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि मयताच्या मिळकतीचा काही पुरावा एवढे कागद एका पिशवीत जमवून ठेवायला सांगा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे यांना वकील मोफत मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. अपघाताची तारीख मात्र वहीत लिहून ठेवा, आणि दिवस त्या तारखेपासून मोजा.