मस्तानी

(मृत्यू १७४०). सेनानी पेशवा पहिला बाजीराव याची दुसरी पत्नी. बुंदेलखंडाचा राजा छत्रसाल याची कन्या मानली जाते. १७२९ मध्ये मोगल सरदार बंगश याच्याविरुद्ध बाजीरावाने छत्रसालास मदत केली. त्यानंतर ती पुण्यास आली. शनिवारवाड्यातील एका दरवाजाला तिचे नाव आहे. पेशवे कुटुंबाने तिला स्वीकारले नाही. १७४० च्या सुरुवातीस बाजीराव मोहिमेवर असताना तिला कैदेत ठेवले गेले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मस्तानीही. हिरा गिळला, विष घेतले, धक्क्याने गेली, असे अनेक प्रवाद आहेत. पुरावा एकालाही नाही. पुत्र समशेर बहादूर पानिपतच्या लढाईत जखमी होऊन १७६१ मध्ये वारला. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या तिच्या दगडी थडग्याला कोणी समाधी म्हणतात, कोणी मजार.