मलावीतील सौर ऊर्जा

मलावी या आफ्रिकेच्या आग्नेय भागातील भूवेष्टित देशात सूर्यप्रकाशापासून वीज मिळविण्याची कामे १९९० नंतरच्या दशकापासून पद्धतशीरपणे सुरू झाली. ती तीन प्रकारांची आहेत : शाळा, दवाखाने व घरे यांवरील सुटे संच, एखाद्या गावापुरती छोटी वीजजाळी, आणि राष्ट्रीय वीजजाळ्याला जोडलेली मोठी केंद्रे. सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविणे, मासे व धान्य वाळविणे इ. वापर या नोंदीत घेतलेले नाहीत.

नैसर्गिक अनुकूलता : देश द. अक्षांश ९° ते १७° यांदरम्यान पसरला आहे. क्षेत्रफळ १,१८,४८४ चौ. किमी. (महाराष्ट्राच्या दोन पंचमांशांहून किंचित कमी) असून त्यातील सुमारे पाचवा हिस्सा मलावी सरोवराने व्यापला आहे. लोकसंख्या २०१८ च्या जनगणनेनुसार १,७५,६३,७४९. बहुतेक भागांत वर्षाच्या सरासरीने दर चौ. मी. जमिनीवर दिवसाला ५ ते ६ युनिट एवढी सौर ऊर्जा पडते. नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा. मे ते ऑगस्ट हवा थंड व कोरडी असली, तरी दक्षिणेकडील शिरे उंचवट्यावर व मुलांजे डोंगराभोवती ‘चिपेरोनी’ नावाचे झिमझिम धुके कित्येक दिवस रेंगाळते आणि त्या पट्ट्यात सौर फलकांची वीजनिर्मिती घटते. ऊन सर्वांत कडक असते ते सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये. नद्या आटलेल्या असतात त्याही याच महिन्यांत, म्हणून जलविद्युत् आणि सौर ऊर्जा या देशात एकमेकींना पूरक ठरतात. दोन्ही मिळून एकत्र चालविण्याची सोय मात्र उशिरा झाली.

विजेची पार्श्वभूमी : मलावी सरोवरातून निघणारी शिरे ही देशातील सर्वांत मोठी नदी. एन्कुला, तेदझानी व कापिचिरा ही तीन जलविद्युत् स्थाने हिच्यावर एकाखाली एक आहेत. दीर्घकाळ देशाची ९० टक्क्यांहून अधिक वीज याच नदीवर होत असे. सरोवराची पातळी घसरली की तिन्ही केंद्रे एकदम मंदावतात. २०१५ ते २०१७ या अवर्षणाच्या काळात असे घडले आणि शहरांतूनही प्रदीर्घ भारनियमन करावे लागले. तूट भरून काढण्यासाठी भाड्याने घेतलेली डिझेल जनित्रे अतिशय महाग पडली. जानेवारी २०२२ मध्ये ‘आना’ या चक्रीवादळाच्या पुराने कापिचिरा येथील धरणाचा भाग वाहून गेला व सुमारे १३० मेगावॉट क्षमतेचे ते केंद्र बंद पडले. देशाच्या एकूण क्षमतेचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा होता.

२०१८ च्या सुमारास देशातील ११ टक्क्यांच्या आसपास घरांतच वीजजोडणी होती. ग्रामीण भागातील प्रमाण त्याहून पुष्कळ कमी होते. बहुसंख्य ग्रामीण घरांत रात्रीचा उजेड सुट्या सेलवर चालणाऱ्या स्वस्त दिव्यांचा व विजेऱ्यांचा असे. स्वयंपाक मात्र सर्वत्र सरपण व कोळशावर होतो. त्यामुळे वीज आली म्हणून जंगलतोड थांबेल, ही काही प्रकल्पपत्रिकांतील अपेक्षा निराधार आहे : दिव्यांपुरत्या सौर संचावर भात शिजत नाही.

आरंभीचे प्रयत्न : संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या व जागतिक पर्यावरण सुविधेच्या साहाय्याने १९९९ च्या सुमारास अपारंपरिक ऊर्जेपुढील अडथळे दूर करण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यातून म्झुझु विद्यापीठात चाचणी व प्रशिक्षण केंद्र निघाले, साहित्याची मानके ठरली आणि विक्रेत्यांना कर्जहमी मिळाली. याच काळात शाळा, आरोग्यकेंद्रे, पोलीस ठाणी यांवर बाहेरील मदतीने शेकडो संच बसले. पुढे झालेल्या पाहण्यांत त्यांपैकी बरेचसे अंशतः वा पूर्णपणे बंद आढळले. फलक सहसा शाबूत असत. बिघडलेले असत ते बॅटरी, प्रभारण-नियंत्रक आणि दिवे.

सहा सौर ग्रामे : २००७–०८ मध्ये सरकारच्या ऊर्जा विभागाने सहा गावांत सूर्य व वारा या दोहोंवर चालणारी छोटी वीजकेंद्रे उभारली. ही गावे अशी : एलुन्येनी (म्झिम्बा जिल्हा), म्द्याका (न्खाटा बे), चिगुंडा (न्खोटाकोटा), काडाम्ब्वे (न्चेऊ), चिटावो (चिराद्झुलू) व काद्झुवा (थ्योलो). देशाच्या तिन्ही प्रांतांना त्यांत वाटा मिळाला होता. प्रत्येक ठिकाणी फलकांची रांग, छोट्या पवनचक्क्या, बॅटरी खोली आणि तेथून घरांपर्यंत ओढलेल्या तारा असा थाट होता. गाव समितीने दर घरामागे ठरावीक मासिक रक्कम गोळा करावी व त्यातून देखभाल करावी, अशी योजना होती.

काही वर्षांतच बहुतेक केंद्रे रखडली. याची कारणे सांगताना अहवालांत एकवाक्यता दिसत नाही. सरकारी बाजूने चोरी, मोडतोड व वर्गणीची थकबाकी यांवर भर दिला जातो. बाहेरील अभ्यासकांच्या मते दोष मूळ रचनेतच होता. मासिक वर्गणी लोकांच्या ऐपतीकडे पाहून ठरविली होती, बॅटरीच्या आयुष्याकडे पाहून नव्हे. शिशाच्या बॅटऱ्या चार-पाच वर्षांत संपतात आणि त्या वेळी लागणारी रक्कम गावाच्या पेटीत कधीच जमणे शक्य नव्हते. मीटर नव्हते. त्यामुळे एका घरी एक दिवा आणि दुसऱ्या घरी दूरदर्शन संच व ध्वनिवर्धक, तरी पैसे सारखेच, अशी स्थिती झाली व बॅटऱ्या रोज मर्यादेपलीकडे रित्या होऊ लागल्या. पवनचक्क्यांचे सुटे भाग देशात मिळत नव्हते. मालमत्ता सरकारची की गावाची, हेही स्पष्ट नव्हते. नादुरुस्तीची खबर जिल्ह्याच्या कचेरीत जाई आणि तेथे त्यासाठी तरतूद नसे. उपलब्ध तपशील पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मलावीतील पुढच्या जवळजवळ प्रत्येक ग्रामीण योजनेने याच सहा गावांकडे बोट दाखवून आपला आराखडा बदलला, यावरूनही त्यास पुष्टी मिळते.

स्कॉटिश साहाय्याचे कार्यक्रम : स्कॉटलंड व मलावी यांचे संबंध डेव्हिड लिव्हिंग्स्टन या धर्मोपदेशक-प्रवाशापासूनचे असून २००५ मध्ये दोन्ही सरकारांत सहकार्य करार झाला. त्याखाली ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाने दक्षिणेकडील चिक्वावा जिल्ह्यातील शाळांवर सौर संच बसविले. शाळेत मोबाइल प्रभारित करून देण्याचे शुल्क घ्यावे व ते बॅटरीसाठी बाजूला टाकावे, अशी तेथील पद्धत होती. दुर्गम शाळेवर शिक्षक टिकत नाहीत, ही तक्रार जुनी असल्याने शिक्षकांच्या निवासांनाही दिवे दिले गेले. २०१२ ते २०१५ या काळात स्कॉटिश सरकारच्या निधीतून अपारंपरिक ऊर्जेचा एक व्यापक कार्यक्रम राबविला गेला व त्यातून ‘कम्युनिटी एनर्जी मलावी’ ही संस्था उभी राहिली. या संस्थेचे म्चिंजी जिल्ह्यातील सिटोलो येथील ८० किलोवॉटचे गावजाळे आणि स्ट्रॅथक्लाइडच्या सहभागाने २०२० मध्ये डेड्झा जिल्ह्यातील म्थेम्बांजी येथे सुरू झालेले लहान जाळे ही नव्या पिढीची उदाहरणे होत. म्थेम्बांजीत मीटर प्रीपेड असून पैसे मोबाइलवरून भरले जातात. केंद्राची प्रकृती दूरवरून पाहता येते. जोडण्या साठच्या आसपास. संख्या क्षुल्लक, पण नोंदी इतक्या काटेकोर ठेवल्या आहेत की आफ्रिकेतील गावजाळ्यांवरील लेखनात या खेड्याचा उल्लेख त्याच्या आकाराच्या मानाने फारच वारंवार येतो. प्रस्तुत नोंदीसही तो आक्षेप लागू पडेल.

गावजाळ्यांची वीज युनिटमागे राष्ट्रीय जाळ्यापेक्षा कितीतरी महाग पडते. गरिबाने शहरवाल्यापेक्षा जास्त दर का द्यावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अनुदानाशिवाय मिळालेले नाही.

जाळ्याला जोडलेली केंद्रे : वीजनिर्मिती, पारेषण व वितरण ही सर्व कामे पूर्वी ‘एस्कॉम’ या सरकारी कंपनीकडे होती. २०१६ मध्ये कायदा दुरुस्त होऊन निर्मिती ‘एजेन्को’ या वेगळ्या कंपनीकडे गेली आणि खाजगी उत्पादकांना वाट मोकळी झाली. अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशनच्या ३५ कोटी डॉलरच्या करारातून (२०१३–१८) एन्कुलाच्या जुन्या केंद्राचे नूतनीकरण झाले व फोम्बेया–न्खोमा ही देशातील पहिली ४०० किलोव्होल्टची वाहिनी आली. सौर केंद्रांच्या चर्चेत या वाहिनीचा उल्लेख क्वचितच होतो, वास्तविक तो आधी व्हायला हवा. वीज वाहून नेणाऱ्या तारा नसत्या, तर पुढील केंद्रांना अर्थ उरला नसता.

पहिले मोठे केंद्र सालिमा येथे ६० मेगावॉट क्षमतेचे असून ते कॅनडाच्या जेसीएम पॉवर कंपनीने इन्फ्राको आफ्रिका या गुंतवणूक संस्थेच्या भागीदारीत उभारले. ते २०२१ च्या अखेरीस सुरू झाले. दोनच महिन्यांनी कापिचिरा बंद पडले, तेव्हा दिवसाच्या भारनियमनाला त्याचा आधार मिळाला, रात्रीच्या नाही. डेड्झा जिल्ह्यातील गोलोमोटी येथील २० मेगावॉटचे केंद्र २०२२ मध्ये सुरू झाले. ५ मेगावॉट क्षमतेचा व १० मेगावॉट-तास साठवणारा लिथियम बॅटरी संच त्याला जोडला आहे. द. आफ्रिका वगळता सहारादक्षिण आफ्रिकेत जाळ्याला जोडलेला या प्रतीचा हा पहिला संच, असे सांगितले जाते. तिसरे, न्खोटाकोटा येथील केंद्र २१ मेगावॉटच्या पहिल्या टप्प्यासह २०२३ मध्ये चालू झाले.

गोलोमोटीची बॅटरी रात्रभर दिवे पुरविण्यासाठी आहे, असा समज वृत्तपत्रांतून पसरला. तो बरोबर नाही. देशाची एकूण मागणी काही शे मेगावॉट. एवढ्या लहान जाळ्यात साठ मेगावॉटच्या केंद्रावर ढगाची सावली पडली, तर काही मिनिटांत उत्पादन निम्म्यावर येते, वारंवारता ढासळते आणि साऱ्या देशाचा वीजपुरवठा कोलमडण्याची भीती असते. शेजारी देशांशी जाळे जोडलेले असते, तर धक्का वाटला गेला असता. मलावी आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशांच्या वीजसंघाचा सभासद असूनही प्रत्यक्षात दीर्घकाळ एकटाच राहिला. मोझांबिकमधील मातांबो ते मलावीतील फोम्बेया ही जोडवाहिनी त्यासाठीच आखली गेली. तोवर असा धक्का झेलणे हे बॅटरीचे पहिले काम आणि संध्याकाळच्या कमाल मागणीला थोडा हातभार हे दुसरे. मोठ्या पावसाळी ढगांच्या या प्रदेशात साठवणीशिवाय आणखी सौर केंद्रे जोडणे धोक्याचे आहे, हे अभियंत्यांचे मत राजकीय घोषणांत सहसा उमटत नाही.

आर्थिक अडचणी : फलक, इन्व्हर्टर, बॅटऱ्या सर्व काही आयात होते आणि खाजगी केंद्रांचे वीजखरेदी करार डॉलरशी निगडित असतात. ग्राहक मात्र क्वाचा या स्थानिक चलनात बिल भरतो. मे २०२२ मध्ये क्वाचाचे २५ टक्के अवमूल्यन झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉलरचा अधिकृत भाव सुमारे १,१८० वरून एकदम १,७०० क्वाचांवर नेण्यात आला. त्या रात्रीत सौर विजेचा क्वाचांतील खर्चही तितक्याच प्रमाणात चढला, दर मात्र ऊर्जा नियामक मंडळाच्या संमतीने सावकाश वाढतात. मधला फरक एस्कॉमच्या ताळेबंदात साठत जातो. तंबाखूच्या हंगामाबाहेर देशात परकीय चलनाची चणचण असते. पैसे असूनही व्यापाऱ्याला माल मागविता येत नाही. सूर्यप्रकाश फुकट असला, तरी त्याची वीज डॉलरमध्ये विकत घ्यावी लागते, ही या क्षेत्राची मुख्य अडचण होय.

घरगुती संच : फलक, बॅटरी, तीन-चार दिवे व मोबाइल प्रभारणाची सोय असा संच हप्त्यांवर विकणाऱ्या कंपन्या २०१५ नंतर वाढल्या. हप्ता एअरटेल मनी किंवा टीएनएम म्पाम्बा या मोबाइल सेवांतून भरला जातो. चुकला की संच दूरवरून बंद होतो. हप्ता रोज वा आठवड्याला द्यावा लागतो, तर शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो मका, तंबाखू विकल्यावर. डिसेंबर ते मार्च हे घरात धान्य संपलेले महिने, तेव्हा हप्ते सर्वाधिक थकतात. बाजारातील खुल्या मालात बनावट व कमी क्षमतेचे फलक पुष्कळ असतात. तरीही जाळे न पोहोचलेल्या खेड्यांतील उजेड मुख्यतः याच बाजारातून आला आहे. सरकारी योजनांचा वाटा त्यामानाने लहान.

शेती : सौर पंपांवरील सामुदायिक सिंचन मुख्यतः खालच्या शिरे खोऱ्यात, चिक्वावा व न्सान्जे जिल्ह्यांत.

आरोग्य : लस साठविण्याची सौर शीतपेटी हा सर्वांत निर्विवाद उपयोग.

प्रशिक्षण : राजस्थानातील तिलोनिया येथील बेअरफुट कॉलेजात भारत सरकारच्या साहाय्याने मलावीतील ग्रामीण स्त्रियांनी सौर संच जोडणी व दुरुस्तीचे शिक्षण घेतले. परतल्यावर त्यांना सुटे भाग कोठून मिळाले, हा भाग वृत्तांतांत सहसा येत नाही.

कचरा : निकामी शिशाच्या बॅटऱ्यांची विल्हेवाट हा दुर्लक्षित प्रश्न आहे. शहरांच्या कडेच्या वस्त्यांत कारागीर त्या कोयत्याने फोडतात, शिसे कोळशाच्या शेगडीवर वितळवून जुन्यातून कामचलाऊ बॅटऱ्या बनवितात. ब्रिटनमधील मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा जागांची पाहणी करून एकेका बॅटरीमागे काही किलो शिसे परिसरात सांडते, असे दाखविले. हे काम दाट वस्तीत, मुलांच्या वावरात चालते. बॅटरी परत घेण्याची सक्ती विक्रेत्यावर घातल्याखेरीज यात फरक पडणार नाही. नवे घरगुती संच लिथियम बॅटरीचे असल्याने शिशाचा धोका पुढे ओसरेल. आधी विकलेल्या बॅटऱ्यांचा मात्र निचरा व्हायचा आहे.

पुढील योजना : जानेवारी २०२५ मध्ये दारेसलाम येथील ऊर्जा परिषदेत जागतिक बँक व आफ्रिकी विकास बँक यांच्या ‘मिशन ३००’ या मोहिमेखाली वीजपुरवठ्याचे करार जाहीर करणाऱ्या बारा देशांत मलावीचा समावेश होता. शिरे नदीवरील म्पाटामांगा हा नियोजित जलविद्युत् प्रकल्पही सौर विजेचे चढउतार सावरण्यास उपयोगी पडेल. लिलाँग्वेजवळील कानेंगो उपकेंद्रात २० मेगावॉट क्षमतेच्या बॅटरी संचाची पायाभरणी नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. हा संच कोणत्याही एका सौर केंद्राचा नसून एस्कॉमच्या मालकीचा आहे.